आपला पट्टा पाण्यावर होता : घराण्याचा शोध घ्यायचा तर सुरुवात कुठून करावी



मागच्या पावसाळ्याच्या तोंडी आपल्या एका सभासदाचा पोरगा सोसायटीच्या ऑफिसात आला. कॉलेजात शिकतो, हुशार आहे. त्याला एका अर्जासोबत वंशावळ जोडायची होती. स्वतःचं नाव लिहिलं, बापाचं लिहिलं, आज्याचं लिहिलं आणि पेन थांबला. "काका, पणज्याचं नाव काय असेल?" मी म्हटलं, बापाला फोन लाव. बाप तिकडून म्हणाला, "आम्ही त्याईले बुढेबाबाच म्हनो. नाव कोनाले ठाऊक?"

मी हसलो. पण रात्री घरी स्वतः कागद घेऊन बसलो तर माझाही पेन तिथंच अडकला. पणज्याचं नाव कसंबसं आठवलं, पणजीचं नाही. आईच्या माहेरचं तर आज्याच्या वर काहीच ठाऊक नाही. तळ्याच्या कोणत्या कोपऱ्यात मरळ बसते, पाणी कोणत्या महिन्यात कुठपर्यंत उतरतं, हे आपण झोपेतसुद्धा सांगू. आणि ज्यांनी हे आपल्याला शिकवलं, त्यांचीच नावं माहीत नाहीत.

म्हणून आज जाळं, बीज आणि अनुदान बाजूला ठेवून या विषयावर लिहितो.

हे फक्त हौसेचं काम नाही

काही वर्षांमागं आपला एक भाऊ पाण्यात गेला. मच्छीमारांच्या अपघात विम्यात मृत्यूसाठी ५ लाख रुपये मिळतात, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्याच्या एका कागदावर नाव तेलुगू पद्धतीनं, शेवटी 'अन्ना' लावलेलं. दुसऱ्या कागदावर शुद्ध मराठी. बापाचं नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे नुसतं एक अक्षर. एका कार्यालयात बाईला विचारलं, "हे दोघं एकच माणूस कशावरून?" नवरा गेलेली बाई याचं काय उत्तर देणार? आठ महिने ती चकरा मारत होती. शेवटी आपल्या जुन्या सभासद रजिस्टरातली नोंद आणि शाळेचा उतारा असे दोन कागद शेजारी ठेवले, तेव्हा गाठ सुटली.

तेव्हापासून मी सांगतो, घराण्याचा कागद म्हणजे मोठेपणा मिरवायची वस्तू नाही. गरज पडायच्या आधी तो तयार पाहिजे.

पलीकडे काय झालं ते आठवा

सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यात काय धांदल उडाली होती, ते आपण टीव्हीवर बघितलं. कुणबी नोंदी शोधायला महाराष्ट्र सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. जुन्या पेट्या उघडल्या. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधून आणली. निजामाच्या काळातले कागद बघायला मंडळी हैदराबादपर्यंत आली. पुढं २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटबद्दलचा शासन निर्णय निघाला. त्या मागणीबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो, एक गोष्ट सगळ्यांना कळली : पणज्याचा कागद कुठंतरी असतो, शोधणारा पाहिजे.

पण तिथला आणि आपला फरक लक्षात घ्या. ती माणसं शेतीची. त्यांचा शोध जमिनीच्या कागदापासून सुरू होतो. आपल्याकडेही तहसीलमध्ये सेतवार आहे, १९५४-५५ ची खासरा पहाणी आहे. ज्याच्या घरात जमीन होती, त्यानं जरूर तिथूनच सुरुवात करावी. पण आपल्यातल्या बहुतेकांच्या आज्या-पणज्याच्या नावावर एक गुंठा नव्हता. त्यांचा पट्टा पाण्यावर होता, आणि पाणी काही नोंद ठेवत नाही. म्हणून "तलाठ्याकडे जा, सातबारा काढ" हा सल्ला आपल्या उपयोगाचा नाही. आपली वाट वेगळी आहे. ती माणसांपासून सुरू होते आणि कागदापर्यंत जाते.

मॉरिशसमध्ये मराठी वस्ती आहे, हे काहींनी ऐकलं असेल. १८३४ पासून ऊसमळ्यांवर करारानं मजूर नेले, त्यात आपल्या मुलखातली माणसंही गेली. जहाजातून उतरताना प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव वहीत लिहिलं जाई. त्या वह्या तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत आजही जपून ठेवल्या आहेत आणि त्यावरून लोक आपलं मूळ गाव शोधतात. समुद्र ओलांडून गेले त्यांची वही झाली. आपण पैनगंगेच्या काठावरच राहिलो, म्हणून आपली कोणी केली नाही. ती आता आपणच करायची.

पहिलं काम : म्हाताऱ्या माणसाजवळ बसा

ऑफिसात नंतर जा. आधी घरातल्या, भावकीतल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडे जा. पुरुषाकडे जाच, पण बाईकडे आधी जा. पुरुषाला तळी आणि ठेके आठवतात. कोणाची पोरगी कुठं दिली, कोणाची सोयरीक मोडली, कोणतं लेकरू पाळण्यात गेलं, हे बाईला आठवतं. सोयरीक हाच आपला खरा नकाशा आहे. बेला, जैनद, भीमपूर इकडच्या मुली किनवट, केळापूर, झरी, वणी, राजुऱ्याकडे आणि तिकडच्या इकडे. मुली जिथं दिल्या तिथं आपली माणसं होती, एवढं समजा.

प्रश्न कसा विचारायचा यावर सगळं आहे. "साल कोणतं?" असं विचारलं तर "मले काय मालूम" असंच उत्तर येणार. त्याऐवजी असं विचारा :

• रझाकाराच्या वेळी, म्हणजे १९४८ च्या पोलीस ॲक्शनआधी, तुम्ही केवढे होता? चालत होता की कडेवर?
• किनवट, राजुरा तिकडं गेलं (१९५६) तेव्हा लग्न झालं होतं का?
• पोचंपाडचं धरण बांधायला घेतलं तेव्हा पहिलं लेकरू झालं होतं का? (त्याची पायाभरणी १९६३ ची.)
• १९७२ च्या दुष्काळात कुठं कामाला गेला होता?
• आपलं कुलदैवत कोणतं, आणि नवस फेडायला कोणत्या गावी जात होते? देवाचं गाव बऱ्याचदा मूळ गावाजवळ निघतं.
• कोणत्या घाटावर, कोणत्या पाण्यात जाळं टाकत होते? ते पाणी कोणाकडून घेत होते?
• डोंगा कोणी करून दिला? जाळं विणायला कोणी शिकवलं?
• घरात कोणती भाषा बोलत होते? तेलुगू की मराठी की दोन्ही?

मोबाईल समोर ठेवून रेकॉर्डिंग लावा, पण आधी सांगून लावा. एका बैठकीत सगळं काढायला बघू नका. अर्धा तास बसा, चहा घ्या, परत या. दुसऱ्या दिवशी ते माणूस स्वतःच हाक मारतं, "अबे, काल एक गोष्ट राहूनच गेली."

आणि जे ऐकलं ते तसंच लिहा. दोन माणसांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर दोन्ही लिहा, पुढं सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख टाका. कोण खरं याचा निवाडा आज करू नका.

दुसरं काम : घरातली पेटी उघडा

लग्नपत्रिका, जुनं रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, ठेक्याच्या पावत्या, फोटोच्या मागं लिहिलेलं नाव. आणि भांडी बघा. लग्नात दिलेल्या पितळी गुंडीवर, परातीवर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं, कधी गाव आणि तारीखही असते. आमच्या घरची एक परात कित्येक वर्षं पीठ मळायला होती. चिंचेनं घासल्यावर काठावर पणज्याच्या मेव्हण्याचं नाव आणि गाव निघालं. अशी भांडी मोडीत घालण्याआधी निदान फोटो काढून ठेवा.

घरातलं कोणी विधीसाठी त्र्यंबकेश्वरला, नाशिकला गेलं असेल तर तेही विचारा. तिथले तीर्थपुरोहित आपापल्या यजमानांची नावं गावाप्रमाणे वहीत लिहून ठेवतात. गाव सांगितलं की पान उघडतात. उगाच एवढ्यासाठी धावत जाऊ नका, पण कुंभमेळ्याला किंवा दर्शनाला गेलात तर विचारायला विसरू नका.

तिसरं काम : सोसायटीचं रजिस्टर

हे माझ्या कपाटातलं आहे, म्हणून खात्रीनं सांगतो. सभासद रजिस्टरात नाव, बापाचं नाव, गाव, वय, शेअरची रक्कम आणि वारसाचं नाव असतं. ज्याला जमीन नाही, त्याच्या बापाचं नाव सरकारमान्य वहीत लिहिलेलं असेल अशी ही एक मोठी जागा आहे. मी माझ्या आज्याचं पान काढलं. सहीच्या जागी निळ्या शाईचा अंगठा होता. अंगठ्याच्या रेषा इतक्या साफ की जाळ्याच्या दोरानं पडलेली चीरसुद्धा दिसते. आज्याचा आमच्याकडे फोटो नाही. तो अंगठा हाच फोटो.

जुन्या रजिस्टराची खालची पानं ओल लागून चिकटली आहेत. ती जोरानं सोडवू नका, असं मी सर्वांना सांगितलं आहे. ज्यांना आपलं पान बघायचं आहे त्यांनी ऑफिसात यावं, माझ्यासमोर मोबाईलनं फोटो काढावा.

चौथं काम : शाळा

शाळेच्या प्रवेशाच्या नोंदी, तिकडच्या भाषेत दाखल-खारीज रजिस्टर, फार कामाचं. पोराचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, आधीचं गाव सगळं मिळतं. तुमचा आजा शाळेत गेला नसेल, पण त्याचा धाकटा भाऊ गेला असेल. भावाचा उताराही घ्या, बापाचं नाव तेच आहे.

जन्मतारखेवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. आपल्या पिढीत कितीतरी जणांची तारीख १ जून किंवा १ जुलै आहे. सगळे एकाच दिवशी जन्मले नाहीत. गुरुजींनी शाळा उघडायच्या सुमाराची तारीख टाकून दिली.

पाचवं काम : नदी तीच, सरकारं वेगळी

आता ऑफिसांकडे वळू. इथं एक गोष्ट समजली नाही तर माणूस चुकीच्या दारात वर्षभर उभा राहतो. तुमचा आजा कोणत्या काठावर आणि कोणत्या साली होता, त्यावर कागद कुठं आहे हे ठरतं.

पैनगंगेच्या या काठाला निजामाचं राज्य. पलीकडे यवतमाळकडचं वऱ्हाड; ते १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात होतं. चांदा मध्य प्रांतात. म्हणजे एकाच घाटावर दोन भाऊ, एकाची नोंद उर्दूत आणि दुसऱ्याची मराठीत. किनवट आणि राजुरा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. त्या दिवशी ते मुंबई राज्यात, नांदेडला जोडले गेले. राजुरा पुढं १९५९ मध्ये चांद्याला गेला. उलट नांदेडचं मुधोळ तेव्हाच आदिलाबादेत आलं. २०१४ ला तेलंगणा झाला. ११ ऑक्टोबर २०१६ ला जुन्या जिल्ह्याचे चार झाले आणि मुधोळ, भैंसा, बासर निर्मल जिल्ह्यात गेले. माणूस जागचा हलला नाही, पण त्याचा कागद चार वेळा गाडीत बसून फिरला.

या काठावर असाल तर : जुन्या हैदराबाद राज्यात गावचा पोलीस पाटील जन्म-मृत्यूची नोंद ठेवी. पाटील-पटवारी ही पदं १९८४ मध्ये रद्द झाली. जुन्या नोंदी तहसीलमध्ये विचारा, अलीकडच्या ग्रामपंचायतीत. निजामाच्या काळातले सरकारी कागद हैदराबादला तारनाक्याच्या राज्य पुराभिलेखागारात आहेत. त्यावर फसली साल असतं. त्यात ५९० मिळवा, इंग्रजी साल निघतं, एखादं वर्ष पुढंमागं. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. आजूर, दै, बहमन ही नावं दिसली तर ती महिन्यांची आहेत, माणसांची नव्हेत. उर्दू वाचायला गावातल्या जुन्या शिकलेल्या चाचांना विचारा. आनंदानं वाचून देतात.

गोदावरीकाठचे, पोचंपाडच्या पाण्यात गाव गेलेले असाल तर : भूसंपादनाच्या यादीत फक्त शेतं नसतात, घरांचाही मोबदला ठरतो. जमीन नसलेल्या माणसाचं नाव तिथं घरमालक म्हणून सापडू शकतं.

पलीकडच्या काठावर, यवतमाळ किंवा जुन्या चांद्याकडे मूळ असेल तर : तिथलं कोतवाल बुक बघा. गावातल्या जन्म-मृत्यूची ही नोंद, त्यात जात आणि बापाचं नाव असतं. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मिळते. ज्यांची भावकी महाराष्ट्रात आहे त्यांनी एक तारीख पाठ करावी : २१ नोव्हेंबर १९६१. भोई तिकडं भटक्या जमातीत आहेत, आणि त्यांच्या दाखल्याला या तारखेच्या आधीचा पुरावा मागतात. तुमच्या पेटीतला एखादा कागद तिकडच्या पुतण्याचं शिक्षण वाचवू शकतो. तेव्हा भावकीत कागदाची देवाणघेवाण ठेवा.

नाव बदललं म्हणून माणूस बदलत नाही

शोधताना सगळ्यात जास्त फसवतं ते नाव. तेलुगू पद्धतीत घराचं नाव आधी, मराठीत शेवटी. 'लक्ष्मण'चा 'लच्छन्ना' होतो, 'लच्छमन' होतो. आडनावात 'कर' असेल तर बहुतेक त्यात गाव दडलेलं असतं. 'वार' असेल तर ते तेलुगू 'वारु'वरून आलं, आणि त्यात घराण्याचं नाव असतं.

जातीचंही तसंच. इकडं कोणी बेस्ता लिहिलं, कोणी गंगापुत्र, कोणी भोई. महाराष्ट्रात भोई या एका नोंदीखाली ढीवर, धीमर, केवट, कहार, नावाडी, पालेवार अशी कितीतरी नावं येतात. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांताच्या जातींवर १९१६ साली चार खंड काढले, त्यातही धीमर, कहार, भोई, पालेवार एकाच ठिकाणी आहेत. काम म्हणून लिहिलंय मासेमारी आणि पालखी वाहणं. त्यात तुमच्या घराण्याचं नाव मिळणार नाही, आणि साहेबानं लिहिलेलं सगळं खरंही नसतं. पण कोणकोणत्या नावाखाली आपल्याला शोधायचं, ते कळतं.

म्हणून कागदावर जे नाव आहे ते तसंच उतरवा. आपल्या मनानं 'दुरुस्त' करू नका. सगळी रूपं एका ओळीत लिहून ठेवा.

तीन गोष्टी सांभाळा

एक, मूळ कागद कोणाच्या हातात देऊ नका. झेरॉक्स द्या. "वंशावळ काढून देतो" म्हणून पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नका. चार हजारात तुम्हाला कोण्या राजाच्या वंशात बसवणारे भेटतील. आपल्याला राजा नको, खरा पणजा पाहिजे.

दोन, आधार, बँक, जन्मतारीख असलेले कागद ग्रुपवर टाकू नका.

तीन, शोधताना दुसरं लग्न, दत्तक, जुनं भांडण, पळून गेलेला भाऊ असं काही निघणारच. लिहून ठेवा, पण ज्यांची गोष्ट आहे त्यांना न विचारता चावडीवर बोलू नका.

आणि शेवटी माझं

बापाची आत्या किनवट तालुक्यात होती. ऐंशीच्या पुढची. वंशावळीचा तो कागद घेऊन मी तिच्याकडे गेलो. ओट्यावर बसून ती लसूण सोलत होती. म्हणाली, "आता आला का रे पुसाले? तुह्या बापानं त कधी पुसलं नाही." मग दोन दिवस बोलली. पणजीचं नाव तिनं सांगितलं. आणि सांगितलं की आमचे लोक मूळचे या काठाचे नाहीतच. पलीकडे पटकी आली, माणसं मेली, तेव्हा एका डोंग्यात दोन भाऊ, एकाची बायको आणि एक शेळी घेऊन इकडं उतरले. पाणी ओसरल्यावर एक भाऊ परत गेला, एक राहिला. राहिला तो माझा पणजा.

परत गेला त्याची माणसं कुठं आहेत, हे मी तिला विचारलं. गावाचं नाव तिच्या ओठावर होतं, पण येत नव्हतं. म्हणाली, "होळीले ये, तवालोक आठवते." होळीच्या बारा दिवस आधी ती गेली.

वहीत तिची अकरा पानं आहेत. बाराव्या पानावर गावाच्या नावाची जागा मी रिकामी सोडली आहे. यवतमाळकडची कोतवाल बुकं आता एकेक करून बघतोय.

तुमच्या घरात अशी आत्या, आजी, मोठे बाबा कोणी असतील तर होळीची वाट बघू नका. पाणी चढलं आहे, जाळी घरात आहेत, दोन तास मिळतील. सोसायटीनं ऑफिसात एक जाड वही ठेवली आहे, प्रत्येक घराला दोन पानं. नावं घेऊन या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं, मी लिहून घेतो. पणजीचं नाव मात्र विसरू नका, त्या रकान्याला मी पहिला नंबर दिला आहे.

तुमचा,
सचिव